फोनवाली बाई

गुरुवार

धाकट्याचा सिनेमा उद्या लागतोय. माणूस एका जागेवरून नाहीसा होतो आणि त्याच क्षणी दुसरीकडे उमटतो, असला विषय. त्यात मारामारी, स्फोट, पाठलाग. माझ्या भावाने लिहिलेला पहिला मोठा सिनेमा. पोस्टरवर त्याचं नाव अगदी खाली आहे, मुंगीएवढं, पण आहे. रस्ता ओलांडता ओलांडता थांबून वाचलं आणि मागच्या गाडीवाल्याच्या शिव्या खाल्ल्या.

आज निवडक लोकांसाठी खेळ होता. मला वाटलं होतं बोलावणं येईल. कपडे इस्त्री करून ठेवले होते. दुपारी त्याचा फोन आला. "ताई, पास दोनच मिळाले गं." दोन म्हणजे तो आणि भावजय, हे ओघाने आलंच. मी म्हटलं, अरे त्यात काय, मी उद्या तिकीट काढून बघेन.

"नाही," तो घाईने म्हणाला. "तू एकटीने बघायचा नाहीस. मी तुला घेऊन जाणार. माझ्या शेजारी बसून बघायचा. कबूल कर."

मी कबूल केलं. फोन ठेवल्यावर डोळे भरून आले. आई गेली तेव्हा हा शाळेत होता. वाढवला मी, पण असं काही ऐकायला मिळेल असं वाटलं नव्हतं.

शुक्रवार

भावजयीचा फोन. सकाळपासून जेवला नाहीये म्हणे. फोनवर लोकांची मतं वाचत बसलाय. कोणी लिहितं भंगार, कोणी लिहितं अप्रतिम, आणि हा दोन्हींनी पांढरा पडतो.

मी ठरवलं. संध्याकाळी दवाखान्यातून सुटले की थेटरात जायचं. आत नाही, शब्द दिलाय. बाहेर, जिथून लोक निघतात तिथे उभं राहायचं आणि ते काय बोलतात ते ऐकून त्याला सांगायचं. फोनवर लिहिताना माणूस आव आणतो, जिना उतरताना खरं बोलतो.

त्याला सांगितलं तर म्हणाला, "नको गं ताई. कशाला?"

"अरे, माझं कामच कानांचं आहे." मी कानाची यंत्रं बसवून देते. ऐकू न येणाऱ्या माणसाला काय ऐकू येत नाहीये हे ओळखायचं, एवढंच माझं काम.

"लोक काहीही बोलतात. सगळं मनावर घेऊ नकोस," तो म्हणाला.

बिचारा. धास्तावलाय पार.

शनिवार

काल आणि आज मिळून तीन खेळांची माणसं ऐकली. पॉपकॉर्नच्या काउंटरजवळ एक खांब आहे, त्याला टेकून उभी राहते. वाटावं कोणाची तरी वाट बघतेय.

एक कॉलेजातला मुलगा मित्राला म्हणत होता, "हिरो गायब होतो ते ठीक आहे, पण त्याचा शर्ट बरोबर कसा जातो?" मित्र म्हणाला, "नसता गेला तर तुझ्या आईबरोबर बघता आला असता का?"

एक नवराबायको. तो म्हणाला, "पहिला अर्धा तास डोक्यावरून गेला." ती म्हणाली, "तुझ्या डोक्यावरून विमानं पण जातात."

एका बापाच्या खांद्यावर झोपलेलं पोर होतं. तो बायकोला समजावत होता की पुलावरच्या मारामारीत हिरो एकाच वेळी तीन ठिकाणी दिसतो, तिथे लेखकाची चूक झालीय. मला त्याच्यामागे जाऊन सांगावंसं वाटलं, चूक नसेल हो, विचारून सांगते.

म्हातारे गृहस्थ, काठी घेतलेले: "आवाज फार. गोष्ट कमी."

आणि पाचसहा जणांच्या तोंडी एकच. "ती फोनवाली बाई मात्र कमाल!" एक मुलगी तिची नक्कल करत जिना उतरली, कानाशी मूठ धरून, आणि तिच्या मैत्रिणी हसून हसून भिंतीला टेकल्या.

मी धाकट्याला फोन करून सगळं सांगितलं. शर्टाच्या गोष्टीवर तो खूप दिवसांनी मोकळा हसला. मग मी म्हटलं, "आणि ती फोनवाली बाई कोण रे? सगळे तिच्यावर फिदा आहेत."

त्याचं हसणं थांबलं.

"छोटंसं काम आहे गं," तो म्हणाला. "शेजारीण. दिग्दर्शकाने घुसवलीय. आता तू ऐकायला जाणं बंद कर, पाय दुखतील."

माझ्या पायांची एवढी काळजी त्याने आधी कधी केली नव्हती. गंमत वाटली.

सोमवार

बबडीचा फोन. ऑफिसातल्या मैत्रिणींबरोबर तिने तिकडे सिनेमा पाहिला. माझी लेक तिकडे दुसऱ्या शहरात नोकरी करते, पण मामाचं काही निघालं की पहिली धावते.

"आई, मारामाऱ्या ठीकठीक. पण ती फोनवाली बाई! अगं, मी खुर्चीतून पडायची राहिले. तू बघच."

"मामा नेणार आहे मला."

"मग त्याला सांग लवकर ने. दर वेळी तो हिरो पळायला जातो आणि हिच्या स्वयंपाकघरात उमटतो. आणि ही मेली फोनवरच! पुढचं नाही सांगत, मजा जाईल."

मी धाकट्याला विचारलं, कधी जायचं? म्हणाला, या आठवड्यात मुलाखती आहेत, पुढच्या आठवड्यात नक्की.

बुधवार

आज नेहमीचे एक आजोबा यंत्राचा आवाज तपासायला आले होते. नातवाने त्यांना सिनेमाला नेलं होतं. "निम्मं कळलं नाही," म्हणाले, "पण ती बाई! नवऱ्याशी फोनवर गप्पा मारते. तो परदेशात, म्हणे. जेवलात का, इकडची काळजी करू नका. सगळ्या इमारतीला ऐकू जाईल अशी बोलते. आणि तिसऱ्यांदा तो हिरो येतो ना, तेव्हा त्याच्या पायात फोनची तार अडकते. उचलून बघतो तर काय, तार कुठे जोडलेलीच नाही! बाई एकटीच बोलतेय!"

ते हसत होते. माझ्या हातून आवाज भलताच वाढला आणि त्यांनी कळवळून कान धरला. मी चारदा माफी मागितली.

गुरुवार

आज काही लिहावंसं वाटत नाही.

शुक्रवार

पाहिला. दिलेला शब्द मोडला आणि एकटीने पाहिला. पूर्ण.

आता सगळं नीट लिहिते, नाहीतर मलाच खरं वाटणार नाही.

बबडी पाच वर्षांची असताना तिचे बाबा नोकरीसाठी लांब गेले. महिन्याभराने त्यांनी कळवलं की परत येणार नाहीत, तिकडे दुसरा संसार मांडलाय. मी कोणाला सांगितलं नाही. टाकलेली बाई म्हटल्यावर घरमालकाने घरात ठेवलं नसतं, आणि बबडी रोज विचारायची, बाबांचा फोन कधी येणार?

धाकटा तेव्हा एकोणीस वर्षांचा, वसतिगृहात राहायचा. त्याला एकट्यालाच सांगितलं. तो रडला, मी नाही. मग मी त्याला एक काम दिलं. दर रविवारी संध्याकाळी त्याने नाक्यावरच्या बूथवरून आमच्याकडे फोन करायचा. घंटा वाजायची. शेजारणीला ऐकू यायची. मी धावत जाऊन उचलायची आणि मोठ्याने बोलायची. "अहो, जेवलात का? इकडची काळजी करू नका." पलीकडे तो नुसता ऐकत उभा असायचा. कधी काही सुचलं नाही तर वर्तमानपत्रातलं वाचून दाखवायचा, म्हणजे मला मध्ये मध्ये थांबून 'हो का?' म्हणता यायचं. एकदा त्याला खोकला झाला होता, तर मी म्हटलं होतं, "तुमचा आवाज बसलाय, गरम पाण्याच्या गुळण्या करा बरं." ते मी त्यालाच म्हटलं होतं. माझ्या भावाला. खरोखर खोकत होता तो.

पडद्यावरच्या बाईने डोक्याला कपडा बांधलाय, तोंडावर काहीतरी लेप लावलाय. ती तार बोटाला गुंडाळत म्हणते, "तुमचा आवाज बसलाय, गरम पाण्याच्या गुळण्या करा बरं." थेटर फुटलं हसून. माझ्या शेजारचा माणूस मांडीवर हात मारत होता. त्याची कोपरं मला लागत होती. म्हणाला, "सॉरी हं, पण काय वेडी बाई आहे ना!"

मी म्हटलं, "हो ना."

शेवटी खलनायक पण तिच्याच स्वयंपाकघरात उमटतो आणि ती त्याच्या डोक्यात फोन घालते. शिट्ट्या, टाळ्या.

शब्द माझे, आवाजाची पट्टी माझी, मध्येच थांबून 'हो का?' म्हणणं माझं. एकच गोष्ट त्याने बदलली. पलीकडे कोणी नाही. तार तुटलेली. मला वेडी केलंन, आणि स्वतःला तिथून पुसून टाकलंन.

बाहेर पडताना खांबाजवळ थांबले नाही. मागून एक बाई कोणाला तरी म्हणाली, "छे, पण असं कोणी करतं का खरंच?"

रविवार

त्याच्या घरी गेले. भावजयीने चहा ठेवला आणि माझा चेहरा बघून आतल्या खोलीत गेली. तिला माहीत होतं, असं वाटतं.

"तू बघितलास," तो म्हणाला.

"हो."

"मी नेणार होतो तुला."

"कधी? थेटरातून उतरल्यावर?"

तो चहाचा कप फिरवत बसला. मग बोलू लागला तो थांबेचना. "ताई, मी लिहिली तेव्हा ती विनोदी नव्हती. आईशप्पथ. रडवणारा प्रसंग होता. निर्माता म्हणाला, दुसऱ्या भागात प्रेक्षकाला श्वास घ्यायला जागा नाही, त्या बाईला जरा हलकं करा. नाहीतर काढून टाका."

"मग काढून टाकायचं होतंस."

"ते एकच माझं होतं गं त्यात. बाकीचं काय, कोणीही लिहिलं असतं."

"तुझं?"

त्याने कप खाली ठेवला.

"मला विचारायचं होतंस," मी म्हटलं. "एकदा. नाही म्हटलं असतं कदाचित. पण विचारायचं होतंस."

"नाहीच म्हणाली असतीस, म्हणून तर..."

मी विचारलं, पलीकडे कोणीच का नाहीये? म्हणाला, "तसं जास्त हसतात."

मी उठले. दारात त्याला म्हटलं, झालं ते झालं, पण बबडीला कळता कामा नये. तिने पाहिला, तिला ओळखू आलं नाही, माझं नशीब. ती तेव्हा लहान होती. तिच्यासाठी ते फोन तिच्या बाबांचेच आहेत; पुढे ते तिकडेच राहिले, एवढंच तिला माहीत आहे. एकदा तिने हट्टाने रिसीव्हर घेतला होता आणि हा घोगरा आवाज काढून तिच्याशी बोलला होता. बाबांची म्हणून तिच्याजवळ तेवढीच एक आठवण आहे.

त्याचे डोळे भरले. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "कोणाला कळणार नाही. तुझी शपथ."

घरी येताना हलकं वाटलं. राग आहेच. पण शेवटी तो माझाच आहे. चुकला. माणूस चुकतो. आज नीट जेवले.

शुक्रवार

सिनेमा जोरात चाललाय. लोक हिरोला विसरले, फोनवाल्या बाईचे तुकडे काढून एकमेकांना पाठवतात. दवाखान्यातली स्वागतिका पण फोन उचलला की आधी तिच्या आवाजात "अहो, जेवलात का?" म्हणते आणि मग नाव विचारते. मी हसते.

धाकट्याचा फोन नाही. कामात असेल.

मंगळवार

दुपारी डॉक्टरीणबाईंनी मला केबिनमध्ये बोलावलं. मी त्यांच्याकडे इतकी वर्षं काम करते, पण त्या अशा हसऱ्या, ओल्या डोळ्यांनी कधी बघितल्याचं आठवत नाही. "अहो, हे तुमचे भाऊ ना? किती छान बोललेत. तुमच्याबद्दलच!" आणि फोन माझ्यापुढे धरला.

मोठा मंच, समोर माणसं. मुलाखत घेणारी विचारते, फोनवाली बाई सुचली कुठून? धाकटा जरा खाली बघतो. मग सांगतो. सगळं. माझ्या नवऱ्याने मला टाकलं तेही. बूथ, रविवार, गुळण्या. "सिनेमात तार तुटलेली आहे," तो म्हणतो, "पण खऱ्या आयुष्यात पलीकडे मी होतो." लोक टाळ्या वाजवतात.

तिथे तरी थांबायचं. थांबला नाही. "एकदा माझ्या पाच वर्षांच्या भाचीने फोन घेतला. मी तिचा बाबा होऊन बोललो. काय बोलावं सुचेना, तर म्हटलं, दात घासताना आरशात बघून हसायचं हं बाळा, म्हणजे मला इथे दिसतं." मुलाखत घेणारी डोळे पुसते. तोही पुसतो.

लोक हसत होते तोवर पलीकडे कोणी नव्हतं. टाळ्या पडल्या आणि हा हजर.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "किती मोठं मन तुमचं. परवानगी दिलीत."

मी म्हटलं, "हो."

मग बाहेर येऊन दोन माणसांच्या कानांची मापं घेतली. दोन्ही बरोबर आली.

बबडीला फोन लावला. उचलला नाही. परत लावला. उचलला नाही.

गुरुवार

बबडी सकाळच्या गाडीने आली. न कळवता. बॅग दारातच ठेवली आणि उभ्या उभ्या म्हणाली, "मला एवढंच सांग. आरशाचं कोण म्हणालं होतं?"

"मामा."

"बाबांनी कधी फोन केला होता? एकदा तरी?"

मनात आलं, एकदा म्हणावं. एकाने काय बिघडतं? पण तिचा चेहरा बघून जीभ उचलेना. "नाही," म्हटलं.

ती खुर्चीत बसली. मी पाणी दिलं ते तसंच हातात धरून बसली.

"मी अजून हसते, आई," ती म्हणाली. "रोज सकाळी. सत्तावीस वर्षांची घोडी झालेय आणि आरशात बघून हसते. मला वाटायचं, माणूस वाईट नसेल, काहीतरी अडचण असेल, नाहीतर असं सांगितलं असतं का? मी त्यांना इतकी वर्षं माफ करत आले त्या एका वाक्यावर."

"तुला त्रास होऊ नये म्हणून..."

"माहीत आहे. ऑफिसात सगळ्यांनी पाहिलंय ते. एकीने मला मिठी मारली. मला कळेचना कशासाठी." मग म्हणाली, "एका फटक्यात बाबा पण गेले, मामा पण गेला. आणि तू. तू लग्नकार्यात, आजारपणात, कधीही सांगू शकली असतीस. मी काय पाच वर्षांची राहिले होते?"

मी धाकट्यावर जे जे धरून बसले होते, त्यातलं निम्मं ती माझ्यावर टाकत होती, आणि ते मला चुकीचं म्हणता येईना.

दुपारी ती माझ्या पलंगावर भिंतीकडे तोंड करून झोपली. मी जेवायला उठवलं. उठली. भात जास्त झालाय म्हणाली. एवढंच बोललो दिवसभरात, पण एका ताटलीत जेवलो, कारण दुसरी घासायची राहिली होती.

शनिवार

बबडी अजून इथेच आहे. रजा वाढवली. काल तिने विचारलं, बाबा खरे कसे होते? मी सांगितलं. चांगलं होतं ते चांगलं सांगितलं, नव्हतं ते नव्हतं. बोलताना लक्षात आलं की गेल्या बावीस वर्षांत त्या माणसाबद्दल मी खरं असं पहिल्यांदाच बोलतेय. मध्ये मध्ये ती खोचक प्रश्न विचारत होती. विचारू दे.

आज सकाळी धाकटा आला. हातात मिठाईचा मोठा खोका. सिनेमाच्या दुसऱ्या भागाचं काम त्याला मिळालंय, त्यात फोनवाल्या बाईला मोठं काम आहे. हे त्याने दारातच सांगून टाकलं, जणू माझंच काही भाग्य उघडलंय. मग आत बबडी दिसली आणि त्याचा आवाज खाली आला.

"बबडे."

ती उठून आतल्या खोलीत गेली. दार आपटलं नाही, हळूच लावलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याच्या तोंडावर दिसलं.

"ताई, ओघात बोलून गेलो गं," तो म्हणाला. "समोर माणसं होती, सगळे इतकं मनापासून ऐकत होते..."

"माझ्या डोक्यावर हात ठेवला होतास."

"आता मी काय करू सांग. सांगशील ते करतो. दुसऱ्या भागात पलीकडे भाऊ दाखवतो. खरं होतं तसं सगळं दाखवतो. लोक रडतील."

आणि तेव्हा मला कळलं की हा मुद्दाम काही करत नाही. ह्याला खरोखरच कळत नाहीये. त्याचं वाईटही वाटलं. मी खोका त्याच्या हातात परत दिला.

"नको दाखवूस. काहीच नको दाखवूस. आणि मी बोलावेन तेव्हाच ये."

"कधी बोलावशील?"

"ते मला माहीत नाही."

तो उंबऱ्यात उभाच. एकोणिसाव्या वर्षी बूथवरून घामाघूम होऊन यायचा तेव्हा दिसायचा तसाच दिसला, ओठ आत दुमडलेले. माझा हात पुढे जाणार होता. जाऊ दिला नाही.

"पण ताई," तो म्हणाला, "लोकांना ती बाई आवडली गं. सगळ्या सिनेमात तीच सगळ्यात जास्त आवडली."

"लोकांना ती आवडली असेल," मी म्हटलं. "मला तू आवडायचास."

मी दार लावलं. तो जिना उतरला की तिथेच उभा होता, मला माहीत नाही. मी ऐकायला थांबले नाही. आत गेले आणि बबडीच्या दारावर टकटक केलं.